आणे खोडून तांगे: गोमंतकातल्या गणिताच्या पुस्तकांची गोष्ट

सत्तरीतल्या एका विद्यालयात गणित शिकवणाऱ्या ओळखीच्या शिक्षिकेचा मध्यंतरी फोन आला. "भाई, धावीच्या भुरग्यांक गणिताची उजळणी घेवपाक कितें तरी बरें सुचयात."

मी गणिताचा मास्तर नव्हे. जुन्या वह्या-पोथ्यांत रमणारा माणूस. तरी आठवतील ती चार नावे सांगितली. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "पुस्तके आहेत हो. कपाट भरले आहे. मुलांना त्यातले काय लागू पडेल ते सांगा." तिने वर्गातला एक किस्सा सांगितला. भिंतीला टेकवलेल्या शिडीचे उदाहरण होते. पुस्तक इंग्रजी. त्यात 'फूट ऑफ द लॅडर' असे शब्द होते. एका मुलाने 'फूट' म्हणजे लांबी मोजायचा फूट असे धरले आणि शिडीच्या लांबीत एक फूट मिळवून मोकळा झाला. बाईंनी फळ्यावर शिडी काढली, "हो शिडयेचो पाय" एवढेच म्हटले, तर त्याच मुलाने उत्तर तोंडी सांगितले. म्हणजे पायथागोरसचा सिद्धांत त्याला येत होता. अडला होता तो शिडीच्या पायावर!

फोन ठेवला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. गणित शिकवायला चांगले साहित्य कुठून आणायचे हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, आणि तो आपल्या माणसांनी कसकसा सोडवला, हे शोधू लागलो. त्या शोधात जे हाती आले ते इथे मांडतो.

सुरुवात करू या पेडण्यातल्या मांद्रे गावापासून. मुंबईत मोठे नाव मिळवलेले डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे या गावचे. डॉक्टरकी करता करता त्यांना जुने शिलालेख शोधण्याचे वेड लागले. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण म्हणून ठिकाण आहे, हल्ली पाटणादेवी म्हणतात ते. तिथल्या देवळातला एक शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला आणि त्याची हकीकत १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. पुढे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी तो नीट संपादित केला.

लेख शके ११२८ चा. ग्रहणाच्या पर्वावर दिलेल्या दानाचा त्यात उल्लेख आहे आणि कीलहॉर्नच्या गणिताप्रमाणे तो दिवस इ. स. १२०७ मधला. 'लीलावती' लिहिणारे भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला एक मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला नेमणूक करून दिली. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, मठाला कुणी काय द्यायचे हे सांगायची वेळ आली तेव्हा भाषा मराठी झाली आहे. बाजारातल्या देवघेवीतला राजाचा हिस्सा मठाला, सुपारीच्या व्यवहारावर सुपाऱ्या, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल. अशा जिनसांवर तो मठ चालायचा होता.

मला हा लेख फार मोलाचा वाटतो. भास्कराचार्यांचा ग्रंथ ११५० चा. म्हणजे ग्रंथ होऊन अर्धशतक उलटले होते. देशभर त्याची कीर्ती झाली होती. तरीही नुसता ग्रंथ असून भागत नाही, तो शिकवणारी जागा लागते आणि ती जागा चालवायला गावातल्या तेल्याच्या घाण्यावरचे तेल लागते, हे चांगदेवाला पुरते कळले होते.

आणि ग्रंथ तरी कसा! 'लीलावती'त एक मोराचे उदाहरण आहे. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हात अंतरावरून साप बिळाकडे निघतो. मोर त्याच्यावर तिरका झेप घेतो. दोघे सारखेच अंतर तोडतात. मग बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? गाठ 'क्ष' हातांवर पडली असे धरा. सापाने तोडलेले अंतर सत्तावीस वजा क्ष. मोराची झेप हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण. त्याचा वर्ग म्हणजे नवाचा वर्ग अधिक क्षचा वर्ग. दोन्ही बाजू सारख्या मांडल्या की क्ष येतो बारा. साप पंधरा हात आला आणि मोरही पंधरा हात उडाला. नऊ, बारा, पंधरा. सत्तरीतल्या त्या मुलाची शिडी आणि बाराव्या शतकातला हा मोर एकाच त्रिकोणात बसतात. फरक इतकाच की मोर, साप आणि खांब हे वाचणाऱ्याला आधी दिसतात, त्रिकोण मागाहून दिसतो.

आता एकदम सहाशे वर्षे पुढे येऊ आणि गोव्यात येऊ.

पोर्तुगीज आमदानीत गणिताचे उच्च शिक्षण गोव्यात नव्हतेच असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. १८१७ साली इथे लष्करी अकादमी निघाली. १८४१ साली तिचे नाव गणित व लष्करी शाळा असे झाले. तोफखाना, तटबंदी, नकाशे यांसाठी लागणारे गणित तिथे पद्धतशीर शिकवले जाई. १८७१ साली ती बंद झाली. पणजीचे लिसेंव त्याआधी १८५४ साली सुरू झालेले होते. त्या काळी हे शिक्षण चांगल्यापैकी वरच्या दर्जाचे होते. पण ते सगळे पोर्तुगीजमधून. देवळाच्या अग्रशाळेत मास्तरांसमोर धुळपाटी घेऊन बसणाऱ्या मुलाला त्या शाळेचा दरवाजा दिसतसुद्धा नव्हता.

त्याच सुमारास मुंबईत काय चालले होते? तिथेही लष्करी इंजिनियरच होते, पण त्यांची वाट वेगळी पडली. शाळांसाठी देशी भाषांत पुस्तके काढणारी मंडळी १८२० च्या आसपास जमली होती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा इंजिनियर त्या कामात पुढे होता. इंग्लंडातल्या वुलिच येथील लष्करी अकादमीत शिकवणारे चार्ल्स हटन यांचे गणिताचे पुस्तक त्या वेळी नावाजलेले होते. जर्व्हिसने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून त्यातले गणित मराठीत आणले. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, ज्यांना आपण 'दर्पण'कार म्हणून ओळखतो, ते मुंबईत गणित शिकवत आणि शून्यलब्धीसारख्या उच्च गणितावर त्यांनी मराठीत लिहिले. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी शाळेच्या मुलांसाठी अंकगणित लिहिले.

या लोकांपुढची अडचण कसली होती हे पाहण्यासारखे आहे. हिशेबाचे शब्द मराठीत भरपूर होते. बेरीज, वजा, बाकी हे फारसी-अरबीतून दफ्तरात आलेले, आणि दफ्तरातून घराघरांत गेलेले. हातचा, पाढा, उजळणी हे तर घरचेच. पण बीजगणित आणि भूमिती यांना लागणारे शब्द व्यवहारात नव्हते. ते शास्त्र्यांनी संस्कृत ग्रंथांतून काढले. कर्ण, जीवा, श्रेढी, त्रैराशिक, समीकरण. म्हणजे पाटणच्या मठात जे शब्द घोकले जात होते तेच शिळाप्रेसवर छापून पुन्हा मुलांच्या हाती आले. दोन शतके झाली, ते शब्द अजून चालू आहेत.

एका गोष्टीची गंमत वाटते. त्रिकोणमितीतला 'साइन' हा शब्द मुलांना फार परका वाटतो. पण तो आपल्याच 'जीवा' या शब्दाचा परतीचा प्रवास आहे. अरबांनी 'जीवा' हा शब्द आपल्या लिपीत जसाच्या तसा उतरवला. त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसल्याने पुढे तो 'जैब', म्हणजे वस्त्राची घडी किंवा उराशी असलेला खोलगा, असा वाचला गेला. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने त्या अर्थाचा 'सायनस' हा शब्द वापरला. त्याचा झाला साइन. ही गोष्ट दहावीच्या वर्गात सांगायला दोन मिनिटे लागतात. मुले ती विसरत नाहीत.

मुंबईची ही मराठी पुस्तके गोव्यात यायची, पण आडवाटेने. कुणाचा मामा बेळगावला, कुणाचा काका मुंबईत गिरगावात. सुटीत येताना ते एखादे पुस्तक आणीत आणि ते पुस्तक गावभर फिरे. इथे मी आमच्या घरातली एक वस्तू सांगतो.

आजोबांच्या ट्रंकेत त्यांची एक गणिताची वही सापडली. वही १९३० च्या आसपासची असावी. आजोबा अग्रशाळेतल्या मास्तरांकडे मराठी शिकले, मग पोर्तुगीज शाळेत 'प्रिमेर ग्राव' केली आणि मॅट्रिकसाठी बेळगावला गेले. वही मास्तरांकडच्या दिवसांतली. पहिली काही पाने नुसत्या पाढ्यांची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. आजच्या मुलाला साडेतीनचा पाढा ऐकून हसू येईल. पण रुपयाचे सोळा आणे असताना साडेतीन आणे वार दराने सोळा वार कापडाचे किती झाले, हे औटकी येणारा मुलगा श्वास न घेता सांगे. सोळा औटे छप्पन. छप्पन आणे म्हणजे साडेतीन रुपये. अपूर्णांक ही त्या मुलांना पुस्तकातली अवघड गोष्ट नव्हती, ती जिभेवर होती.

पुढची पाने उदाहरणांची. मुंबई इलाख्याच्या कुठल्या तरी पुस्तकातून उतरून घेतलेली. आणि इथे मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जिथे जिथे 'आणे' लिहिले होते तिथे तिथे आजोबांनी ते खोडून वर 'तांगे' लिहिले होते. 'पै' खोडून 'रेइस'.

कारण उघड आहे. गोव्यातला बाजार आण्यांचा नव्हताच. जुन्या पोर्तुगीज हिशेबात एक शेराफिन म्हणजे पाच तांगे, म्हणजे तीनशे रेइस. १८८० च्या तहानंतर इंग्रजी रुपयाशी मेळ घालून रुपिया सोळा तांग्यांचा झाला, पण तांगा साठ रेइसांचाच राहिला. म्हणजे रुपियाचे ९६० रेइस. तिकडे इंग्रजी मुलुखात आणा बारा पैचा, म्हणून रुपयाच्या १९२ पै. म्हणजे पुस्तक म्हणते एक आणि बाजार म्हणतो दुसरेच.

वहीतले एक उदाहरण असे: शंभर नारळांची किंमत तीन रुपये दोन आणे, तर एका नारळाची किंमत काय? तीन रुपये दोन आणे म्हणजे पन्नास आणे. शंभरांनी भागले की अर्धा आणा, सहा पै. आजोबांनी सहा पै खोडून लिहिले आहे, तीस रेइस. आणि समासात एका कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात, '१ पै = ५ रेइस'. ९६० ला १९२ ने भागा, पाचच येतात.

हे त्यांना मास्तरांनी सांगितले की त्यांनी स्वतः शोधले हे आता कळायला मार्ग नाही. पण माझी खात्री आहे की त्या मुलाला गुणोत्तर खरे समजले ते पुस्तकातल्या उदाहरणाने नव्हे, समासातल्या त्या एका ओळीने. परक्या बाजारासाठी लिहिलेले पुस्तक त्याने आपल्या तिठ्यावर आणून उभे केले. त्याच वहीत पुढे भाताची उदाहरणे आहेत, ती मात्र पहिल्यापासून कुडवात आणि खंडीत. वीस कुडवांची खंडी. ती बहुधा मास्तरांनी स्वतः घातलेली असावीत.

१९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोमंतकातल्या हिंदू समाजाला थोडा मोकळा श्वास मिळाला. त्या सुमारास शिक्षणसंस्था निघू लागल्या. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण नावाचा अर्थ आपण विसरतो. मुष्टी म्हणजे मूठ. घरातल्या बाईने रोजच्या तांदळातून मूठभर बाजूला काढायचे आणि त्यातून शाळा चालवायची, ही त्यामागची कल्पना. फोंड्यालाही १९११ साली विद्याप्रसारक मंडळाचे काम सुरू झाले. पाटणच्या घाण्यावरचे पळीभर तेल आणि गोमंतकातल्या घरातले मूठभर तांदूळ यांच्यात सातशे वर्षांचे अंतर आहे. विचार मात्र एकच.

तरीही मॅट्रिकची परीक्षा म्हटली की मुलांना घाट चढून बेळगाव, धारवाड किंवा बोटीने मुंबई गाठावी लागे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, मराठी शाळा आणि मराठी पुस्तके तिथे हाताशी होती. गोव्यातल्या कितीतरी घरांचे गणित बेळगावच्या भाड्याच्या खोल्यांत कंदिलाखाली पक्के झाले आहे. सीमाभागाशी आपले नाते नुसते रोटीबेटीचे नाही, पाटी-पुस्तकाचेही आहे.

नाण्यांची कथा इथे संपत नाही. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. गोव्यात १९५९ साली रुपिया जाऊन एस्कुदो आला, सहा एस्कुदोंना एक रुपिया आणि एका एस्कुदोचे शंभर सेंताव्ह. १९६१ साली मुक्ती मिळाली आणि त्यानंतर भारतीय रुपया आला. म्हणजे १९५५ साली पहिलीत बसलेल्या गोमंतकीय मुलाने सात-आठ इयत्तांत तीन नाण्यांची कोष्टके पाठ केली! आणि शेवटी दशमान पद्धत आल्यावर पावकी-निमकीचे पाढे निरुपयोगी म्हणून मागे पडले. नाण्यांसाठी ते निरुपयोगी झाले हे खरे. पण त्या पाढ्यांबरोबर पाव, अर्धा, पाऊण यांवरचा मुलांचा हात गेला. आज आठवी-नववीत बीजगणित सुरू झाले की मुले अडतात ती बहुतेक अपूर्णांकापाशी. कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला विचारा.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरात पूर्वी अक्षर गेले नव्हते तिथली मुले पाटी घेऊन बसली. शालान्त परीक्षा तेव्हा महाराष्ट्राच्या मंडळाची असे. पुण्यात १९६७ साली 'बालभारती' स्थापन झाली आणि एकसारखी, नेटकी, स्वस्त मराठी पाठ्यपुस्तके निघू लागली. गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ १९७५ साली झाले. दरम्यान माध्यमिक शाळा मुख्यतः इंग्रजी माध्यमाच्या झाल्या. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी आणि पाचवीपासून इंग्रजी, ही वाट हजारो मुलांनी तुडवली आहे. मीही त्यातलाच.

या वाटेवर पाचवीच्या उंबरठ्याशी एक खड्डा आहे. मुलाला लसावि येतो, पण एलसीएम म्हणजे लसावि हे त्याला कुणी सांगत नाही. छेद आणि अंश यांची नावे बदलतात. त्रिज्येची 'रेडियस' होते. वर्षभर मूल गप्प बसते, आणि आपण म्हणतो त्याला गणित जमत नाही. संख्या वाचण्याचा क्रमसुद्धा उलटा होतो. 'तेवीस' म्हणताना तीन आधी येतो, वीस मागून. 'ट्वेंटी-थ्री' म्हणताना वीस आधी.

२०१९ साली 'बालभारती'च्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! वर्तमानपत्रे, विधिमंडळ, विनोद, सगळे झाले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की लहान मुलाला जोडाक्षरे आणि उलटा क्रम अवघड जातो, म्हणून हा एक जास्तीचा मार्ग आहे. त्यांचा उपाय पटो न पटो, मला स्वतःला 'एकवीस'च गोड वाटते. पण मूल नेमके कुठे अडखळते हे त्यांनी पाहिले होते, हे मान्य करायला हवे. २०२३ साली त्या गेल्या. मराठीतून गणित सोपे करून सांगण्यासाठी इतकी वर्षे खपणारी माणसे थोडी असतात.

तर आता सत्तरीच्या त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. मी त्यांना मागाहून जे कळवले ते असे.

'बालभारती'ची नववी-दहावीची गणिताची पुस्तके, २०१७ आणि २०१८ साली निघालेली, दोन भागांत आहेत. पहिला बीजगणिताचा, दुसरा भूमितीचा. तीच पुस्तके मराठीत आहेत आणि इंग्रजीतही आहेत. प्रकरण तेच, उदाहरण तेच. दोन्ही विनामूल्य उतरवून घेता येतात. ती शेजारी शेजारी ठेवा. आपल्या मंडळाचा अभ्यासक्रम वेगळा असला तरी समरूपता, वर्गसमीकरणे, स्पर्शिका, त्रिकोणमिती ही प्रकरणे कुठेही तीच. इंग्रजी वाक्यात मूल अडले की मराठी पानावर तेच वाक्य दाखवा आणि परत इंग्रजीकडे आणा, कारण परीक्षा त्याला इंग्रजीतच द्यायची आहे. मराठी पान हा पूल आहे, मुक्काम नव्हे.

शब्दांसाठी महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. पण तयार कोश मुलाच्या हाती देऊ नका. प्रत्येक प्रकरणाला दहा-पंधरा शब्द लागतात, ते मुलांनाच वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकान्यांत लिहू द्या. इंग्रजी, मराठी आणि घरी बोलतो तो कोंकणी शब्द. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तिथे चित्र काढू द्या. 'फूट ऑफ द लॅडर'समोर शिडीचा पाय.

वाचनासाठी नारळीकरबाईंचे 'गणिताच्या सोप्या वाटा' हाताशी असावे. 'लीलावती' पाहायची तर ना. ह. फडके यांचे १९७१ चे 'लीलावती पुनर्दर्शन' आहे. ते मुलांसाठी नव्हे, शिक्षकासाठी. त्यातले महिन्याला एक उदाहरण फळ्यावर आले तरी पुरे. भूमितीसाठी शाळेत संगणक असला तर जिओजेब्रा हे साधन शाळेला फुकट मिळते. त्यात त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन कसे बदलतात आणि कोनांची बेरीज मात्र १८० च कशी राहते, हे मूल स्वतः पाहते. पुस्तकातला त्रिकोण हलत नाही, ही पुस्तकाची खरी अडचण आहे.

उजळणीबद्दल एकच सांगितले. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात, पण जानेवारीनंतर. आधी मुलाच्या चुका जमवा. प्रत्येक चाचणीनंतर चुकलेले उदाहरण, चूक कुठे झाली ते एका ओळीत, आणि पुन्हा सोडवलेले उत्तर, अशी वेगळी वही. वर्षअखेर त्या मुलासाठी त्याहून नेमके पुस्तक कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

आणि शेवटी थोडी पाव-पाऊणची उजळणी. पावकी पूर्ण पाठ करा असे मी म्हणणार नाही. पण वर्ग सुरू होताना पाच मिनिटे, पाऊणचे आठपट किती, अडीचचे सोळापट किती, असे तोंडी विचारायला खर्च काही नाही.

बाईंचा निरोप आला तो असा: "हें सगळें करपाक म्हाका वेळ खंय मेळटलो?" घर, वर्ग, तपासायच्या वह्या, वर सरकारी कागद. तिचे म्हणणे खरे आहे. एकट्या शिक्षिकेने शंभर मुलांसाठी आणे खोडून तांगे लिहीत बसावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

पण तालुक्यात गणिताचे शिक्षक किती असतील? प्रत्येकाने एकच प्रकरण घेतले तर? कुणी त्रिकोणमितीचे शब्द तीन रकान्यांत लिहावेत. कुणी गुणोत्तराची वीस उदाहरणे आपल्याकडच्या काजूच्या भावावर, मासळीच्या बाजारावर, कदंबाच्या तिकिटावर बेतावीत. कुणी नुसती टंकलेखनाची बाजू सांभाळावी. निवृत्त शिक्षकांना यात ओढावे, त्यांच्याकडे वेळ आहे आणि जुन्या वह्याही आहेत. वर्षभरात दहावीचे सगळे प्रकरणवार साहित्य उभे राहील, आणि ते सत्तरीतल्या मुलाला लागू पडेल असे असेल. पाटणला पळीभर तेल पुरले, पणजीला मूठभर तांदूळ पुरले. आपल्याकडून एक प्रकरण मागितले तर ते जास्त होणार नाही.

आजोबांची वही मी त्या बाईंना दाखवायला नेणार आहे. सगळी नको, ते नारळाचे एक पान पुरे. मुलांना विचारायचे आहे की एका पैचे पाच रेइस कसे झाले ते सांगा. बघू या, कोण आधी सांगतो.